आई घरीच असायची



मागच्या महिन्यात पुण्याहून पुतणी आली होती. माजघरात लॅपटॉप उघडून बसली आणि म्हणाली, "काका, माझं वर्क फ्रॉम होम सुरू आहे, टीव्ही जरा हळू कराल का?" मी टीव्ही बंदच केला. आणि एकदम लक्षात आलं, ही ज्या खांबाला टेकून बसली आहे, त्याच खांबाला टेकून माझी आई सव्वीस वर्षं बसली होती. तीही घरूनच काम करायची. तिच्यासाठी आमच्या घरात रेडिओ कधी कुणी हळू केला नाही.

आमचं घर बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात. आपलं गाव मुळात सुताचं आणि हातांचं. सतराव्या शतकात ताव्हर्निये नावाचा फ्रेंच व्यापारी इथून गेला, त्याने इथलं तलम कापड इराण-तुर्कस्तानपर्यंत जातं असं लिहून ठेवलंय. पुढे लालबागची ताप्ती मिल आली, मग गल्लोगल्ली पॉवरलूमची खडखड. पण कापडाचं काम दिसतं, ऐकू येतं. घरात बसून बाया जे करायच्या, कांड्या भरणं म्हणा, बिड्या वळणं म्हणा, त्याचा आवाज होत नव्हता. म्हणून ते काम आहे असं कुणाला वाटलंच नाही.

आई बिड्या वळायची. हे वाक्य मी वयाच्या साठीनंतर पहिल्यांदा चारचौघांत लिहितोय. आम्हाला लहानपणी ताकीदच होती, बाहेर कुणी विचारलं तर सांगायचं नाही. वडील नोकरीला, घर अब्रूदार, आणि सून बिड्या वळते म्हटलं की लोक काय म्हणतील! शाळेच्या फॉर्मवर "आईचा व्यवसाय" या रकान्यात मी दरवर्षी सुवाच्य अक्षरात "गृहिणी" लिहीत आलो.

काम कसं चालायचं ते नव्या मुलांना माहीत नसेल. सट्टेदाराकडून पानं, तंबाखू आणि दोरा वजनाने मोजून मिळायचा. रात्री पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. सकाळी स्वयंपाक उरकला की पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने एकेक पान कापायचं. मग मांडीवर सूप. पानात चिमूटभर तंबाखू, बोटांनी वळण, दोऱ्याचे दोन-तीन वेढे, आणि तोंड आत दुमडायचं. पंचवीसची एक जुडी. दिवसभरात हजारभर व्हायच्या, तेही मधे धुणं, पाणी, आजीचं औषध आणि आम्ही पोरं सांभाळून. उजव्या हाताच्या बोटाला दोऱ्याने पडलेली खाच शेवटपर्यंत होती. खोकलाही होता. तो "तिला धुळीचा त्रास आहे" या नावाखाली गेला.

माल पोचवायला आजी जायची. सट्टेदाराचा माणूस जुड्या चाळायचा आणि "छाट" बाजूला काढायचा. छाटलेल्या बिडीची मजुरी नाही, पण ती बिडी परतही नाही! पानं कमी पडली तर बाजारातून पदरच्या पैशाने आणायची. हे सगळं आजी घरी येऊन सांगायची, आई ऐकून घ्यायची आणि पुन्हा सूप मांडीवर घ्यायची.

आता मुद्द्यावर येतो. असं चालणं बेकायदा होतं. १९६६ साली संसदेने बिडी-सिगार कामगारांचा कायदा केला. कच्चा माल नेऊन घरी बिडी वळणारी बाई कामगारच आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. मालकांनी कायद्याला आव्हान दिलं, ते १९७४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकलं नाही. छाट किती काढायची याची मर्यादाही राज्याराज्यांच्या नियमांत घातलेली होती, शेकडा पाचच्या आतबाहेर. १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी झाला, त्यातून दवाखाने आणि मुलांना शिष्यवृत्त्या. घरी वळणाऱ्या बाईलाही भविष्यनिर्वाह निधी लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितलं. म्हणजे कागदावर आई कामगार होती. फक्त कागदावर तिचं नाव नव्हतं.

कार्ड आजीच्या नावाचं होतं. एका कार्डावर घरातल्या दोघी-तिघींनी वळायचं, ही तेव्हाची सर्रास रीत. सट्टेदाराला सोयीची, कारण माणसं कमी दिसतात. आणि खरं सांगू? आम्हालाही सोयीची. सुनेचं नाव कुठे लागत नाही, अब्रू झाकली राहते. कार्डाअभावी माझी शिष्यवृत्ती गेली, तेव्हा मला आतून बरंच वाटलं होतं. यादी शाळेच्या फळ्यावर लागायची ना.

१९८९ साली आजी गेली. तिच्या कार्डावरचा फंड निघाला तो वडिलांना आणि काकांना सारखा वाटून मिळाला. त्यातल्या किती बिड्या आजीने वळल्या आणि किती आईने, हे घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. आईला कुणी विचारलं नाही. तीही काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या मावशींच्या कार्डावर वळू लागली, ती १९९७ पर्यंत.

आपण सट्टेदाराला नावं ठेवतो, ठेवायलाच हवीत. पण आईचं नाव खोडणारा पहिला हात सट्टेदाराचा नव्हता, आमचाच होता. घरात बसून केलेलं ते काम नव्हे, "हातखर्चाला होतं", "वेळ जातो तिचा", ही भाषा आपलीच. त्याच भाषेवर ठेकेदार मजुरी पाडतो. ज्या कामाला घरचेच काम म्हणत नाहीत, त्याचा भाव तो का वाढवील?

काही जण म्हणतील, बिडी वाईटच, गेली तर बरं. मलाही तसंच वाटतं. बिडी जावी. पण बिडी वाईट म्हणून वळणारीची मजुरी बुडाली तरी चालेल, असं होत नाही. २०१७ साली जीएसटी आला, त्या निधीला पैसा पुरवणारा उपकर रद्द झाला. २०२५ च्या २१ नोव्हेंबरपासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६६ चा जुना कायदा त्यांत विलीन झाला. नव्या संहितेत घरून काम करणाऱ्यांची व्याख्या आहे, हे चांगलंच. पण व्याख्या आईच्या वेळीही होतीच की! जगाच्या पातळीवर घरकामगारांसाठी १९९६ साली करार झाला, क्रमांक १७७. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. आज आपल्याच गल्लीत कुणी साडीला फॉल लावतंय, कुणी पापड लाटून देतंय, कुणी पाकिटं भरतंय, कुणी कांड्या. काम देणारे कधी कधी आपणच असतो. ई-श्रमची नोंदणी सुरू झाली तेव्हा मी ओळखीच्या एका वहिनींचा फॉर्म भरत होतो. रोज सहा तास मशीनवर बसणारी बाई. व्यवसाय विचारला तर म्हणाल्या, "भाऊजी, काही नाही, घरीच असते. गृहिणी लिहा." मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "नाही वहिनी. शिवणकाम लिहितो."

माझं म्हणणं एवढंच आहे. घरी काम देणार असाल तर वही ठेवा. वहीत करणारीचं स्वतःचं नाव, सासूचं नाही, नवऱ्याचं नाही. दर आधी लिहा. माल नाकारला तर कारण लिहा, आणि नाकारलेला माल तिला परत द्या. पैसे तिच्या हातात किंवा तिच्याच खात्यात. आणि घरात कुणी काम करत असेल तर मुलांना ते मोकळेपणाने सांगू द्या.

पुतणीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आजीचा पीएफ किती झाला असता काका?" मी हिशोब करायला बसलो आणि थांबलो. हजाराचा तेव्हाचा दर काय होता, तेच मला माहीत नाही. सव्वीस वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर आज विचारा. काय करायची, किती करायची, काय मिळायचं. आणि खाली लिहा, तिच्या नावासकट.