चार श्रेयांक कांद्याच्या चाळीत

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीची जी नवी चौकट आखली, तिच्यात पहिल्या वर्षाअखेर ४० श्रेयांक मिळवून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्र मिळते. मात्र उन्हाळी सुटीत ४ श्रेयांकांचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम त्याने केलेला हवा. ‘अन्न आणि समाज’ या विषयाचे प्रमाणपत्र आखू पाहणाऱ्या गृहविज्ञान, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांशी आम्हाला या चार श्रेयांकांविषयीच बोलायचे आहे. बेकरीचा किंवा फळप्रक्रियेचा वर्ग घेऊन ते उरकता येतील. नाशिकमध्ये तरी तसे करू नये. एकाच पिकाचा बांधापासून ताटापर्यंत माग काढण्यासाठी ते राखावेत, आणि त्यावाचून प्रमाणपत्र देऊ नये.

सुटी लागते त्याच सुमारास जिल्ह्यात उन्हाळ कांदा चाळीत भरला जात असतो. तो पावसाळ्यापलीकडे राखायचा की आजच लासलगावच्या लिलावात न्यायचा, हे ठरवताना शेतकरी कांद्याची सड आणि वजनातली घट धरतो, सोसायटीचे कर्ज धरतो आणि दिल्लीचा अंदाजही बांधतो. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, डिसेंबरात थेट बंदी आली. मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी शुल्क राहिले. ते पुरते हटायला एप्रिल २०२५ उजाडला. शहरी ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून घेतलेल्या निर्णयाचा भार उत्पादकाने उचलला. आहारशास्त्राच्या पुस्तकात हा भार नसतो आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकात सडलेला कांदा नसतो. दोन्ही एकत्र दिसतात ते चाळीत आणि बाजार समितीच्या आवारात.

नागलीचा माग काढला तर प्रश्न आणखी टोकदार होतात. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरउतारांवर नागली आणि वरई पिकवणारी अनेक कुटुंबे हंगाम सरला की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, ते मुख्यतः गहू-तांदूळ. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि नागलीची बिस्किटे शहरातल्या दुकानांत मानाने मांडली गेली. पण ज्यांची ती रोजची भाकरी, त्यांच्या ताटात ती किती उरली, हे पाहिल्याशिवाय भरडधान्यावरचा धडा अपुराच. ताटाची ही उतरंड जातीनेही रचली आहे. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आले. दलित स्वयंपाकघराची ती नोंद पूरक वाचनात न टाकता मुख्य पाठ्यक्रमात असावी.

पहिला आक्षेप नोकरीचा. एक वर्ष शिकून बाहेर पडणाऱ्याला हातात कसब हवे, हे खरेच, आणि गरीब घरातल्या मुलांसाठी तर ते फारच खरे. पण शालेय पोषण आहार, अंगणवाडी, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि बचत गट यांना पदार्थ करणाऱ्या हातांइतकीच हिशेब आणि नोंद ठेवणारी, लोकांशी नीट बोलू शकणारी माणसे लागतात, आणि हे कसब फिरतीतच येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अठरा वर्षांची मुले कोणाच्याही स्वयंपाकघरात डोकावून काय विचारतील? तयारीविना पाठवली तर अपमानच करतील. म्हणून प्रश्न कसा विचारावा, संमती कशी घ्यावी आणि कुठे थांबावे, हे पहिल्याच सत्रात शिकवले पाहिजे. शिक्षकांवरचा बोजा मात्र नाकारता येत नाही. क्षेत्रकार्याचा श्रेयांक सुमारे ३० तासांचा, म्हणजे चारांचे १२० तास. ते शिक्षकाच्या कार्यभारात मोजले गेले नाहीत तर योजना कागदावर राहील. अभ्यासमंडळांनी ही मागणी आराखड्याबरोबरच लेखी करावी.

मूल्यमापनासाठी प्रबंध नको. विद्यार्थ्याने एका क्विंटलचा हिशेब मांडावा: तोलाई, हमाली, वाहतूक, घट, प्रत्येक टप्प्याचा भाव आणि कोणाच्या हाती काय उरले. तो ज्यांच्याकडून घेतला त्या शेतकऱ्याला आणि हमालाला आधी वाचून दाखवावा. त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांसह मगच तो परीक्षकाकडे जावा.