गोल्डफिश विकताना टाकीचेही बोला

ओंटारियोतल्या हॅमिल्टन बंदरात कॅनडाच्या केंद्रीय मत्स्य व महासागर खात्याच्या संशोधकांनी गोल्डफिशच्या पोटात ध्वनिसंकेत सोडणारी छोटी यंत्रे बसवली आणि हे मासे हिवाळ्यात कुठे दडतात, वसंत ऋतूत अंडी घालायला कुठे जमतात, याचा माग काढला. २०२३ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. मासे एकगठ्ठा जमण्याच्या जागा आणि वेळा कळल्या तर तिथे त्यांना पकडून काढता येईल, हा त्यामागचा हेतू. शेजारच्या कूट्स पॅराडाइज पाणथळीत कार्प मासे शिरू नयेत म्हणून रॉयल बोटॅनिकल गार्डन्सने १९९०च्या दशकात गजांचा अडसर उभारला, पण मोठ्या कार्पला अडवणाऱ्या गजांमधून लहान गोल्डफिश सहज निसटतात. तिकडे अल्बर्टात, एडमंटनला लागून असलेल्या सेंट अल्बर्ट शहरात २०१५च्या सुमारास पावसाचे पाणी साठवणाऱ्या तळ्यांत गोल्डफिश आढळले आणि २०१७ मध्ये एका तळ्यात रोटेनोन हे मत्स्यविष घालण्याची वेळ आली. महासरोवरांत (ग्रेट लेक्समध्ये) गोल्डफिशची नोंद शंभर वर्षांहून जुनी आहे, हे खरे. पण नव्या वसाहतीसाठी कालपरवा खोदलेल्या तळ्यात तो आपला आपण येत नाही. तो कोणाच्या तरी घरून येतो. आणि बहुतेक वेळा तो घराबाहेर पडतो, कारण घरात त्याला पुरेल एवढे पाणी कधीच नव्हते. तलाव वाचवायचे असतील तर सुरुवात दुकानाच्या काउंटरवर, हा मासा विकला जातो त्या क्षणी करावी लागेल, असे माझे मत आहे.

दुकानात बोटाएवढा दिसणारा हा मासा मुळात कार्पच्या कुळातला आहे. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी तळ्यांत पाळता पाळता त्याचे सोनेरी-नारिंगी वाण निवडले गेले. लांबट बांध्याचा साधा गोल्डफिश किंवा कॉमेट नीट वाढला तर वीतभर लांबी सहज ओलांडतो, ३० सेंटिमीटरलाही पोहोचतो. फुगीर पोटाचे, दुहेरी शेपटीचे शोभिवंत वाण त्याहून लहान राहतात, तरी तेही १५ ते २० सेंटिमीटर होतात. दहा-पंधरा वर्षे जगणे हे त्याचे सामान्य आयुष्य. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत, म्हणजे ४३ वर्षे जगला. तरीही बहुतेक घरांत गोल्डफिश काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरतो आणि ‘मासे असेच मरतात’ म्हणून तो विषय संपतो. पंधरा वर्षे जगणारा प्राणी दोन महिन्यांत मरत असेल तर त्याला नैसर्गिक मरण म्हणता येणार नाही.

तो मरतो कशाने? बहुधा स्वतःच्याच घाणीने. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर टाकतो. गोल्डफिशला जठर नसते. तो दिवसभर थोडे थोडे खात राहतो आणि तितकीच घाण करत राहतो. पाच-सात लिटरच्या काचेच्या गोल बाऊलमध्ये या अमोनियाला जायला जागा नसते. मोठ्या, फिल्टर असलेल्या टाकीत मात्र फिल्टरच्या स्पंजवर जिवाणूंची वस्ती तयार होते. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन्ही विषारी, तिसरे त्या मानाने बरेच निरुपद्रवी. ते पाणी बदलून काढता येते. ही वस्ती बसायला साधारण महिना-दीड महिना लागतो. म्हणून सकाळी टाकी आणि दुपारी मासा ही खरेदीच चुकीची. आधी टाकी चालू करायची, तपासणी-संचाने अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याची खात्री करायची, मग मासा आणायचा. दुकानात हा क्रम समजावून सांगायला कोणाला बांधील धरलेले नाही. ग्राहकही विचारत नाहीत, कारण विचारण्यासारखे काही आहे हेच त्यांना ठाऊक नसते. आणि फिल्टर कळकट दिसला म्हणून तो नळाखाली लख्ख धुणारे घर त्या जिवाणूंनाही मारते आणि पंधरा दिवसांनी माशालाही.

इथे कॅनडाच्या नळाचा प्रश्न येतो आणि आपल्याकडून गेलेल्या मराठी कुटुंबांनी तो मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. पाणी बादलीत रात्रभर ठेवले की क्लोरिन उडून जाते, ही आपल्या घराघरांतली समजूत साध्या क्लोरिनच्या बाबतीत बरीचशी खरी आहे. पण टोरांटो, ओटावा आणि एडमंटन या शहरांत पाण्यात क्लोरामिन असते, म्हणजे अमोनियाशी जोडलेले, मुद्दाम टिकाऊ केलेले क्लोरिन. ते रात्रभरात उडत नाही. त्यासाठी पाण्यात क्लोरिन मारणारे द्रावण घालावेच लागते. त्या द्रावणाने क्लोरिन गेले तरी त्याला जोडलेला अमोनिया मागे उरतो. तो बांधून ठेवणारे द्रावण निवडावे लागते किंवा तो पचवणारा, पूर्ण बसलेला फिल्टर असावा लागतो. व्हँकुव्हरचे पाणी डोंगरातल्या जलाशयांचे, अतिशय मृदू. त्यात आम्लता थोपवून धरण्याची ताकद कमी, त्यामुळे दुर्लक्षित टाकीचे पाणी हळूहळू आम्ल होते आणि फिल्टरमधले जिवाणू थंडावतात. रॉकी पर्वतातून येणारे कॅल्गरीचे पाणी याच्या उलट, चांगलेच कठीण. एकाच देशात एकाच माशासाठी काळजीचे तपशील असे बदलतात. आजारी माशाला दुकानातून प्रतिजैविक आणून घालण्याची सोयही आता नाही. डिसेंबर २०१८ पासून माणसांच्या उपचारात महत्त्वाची असलेली प्रतिजैविके प्राण्यांसाठी घ्यायलाही पशुवैद्यकाची चिठ्ठी लागते. तो नियम योग्यच आहे. पण त्यामुळे माशाच्या बाबतीत स्वच्छ पाणी हेच पहिले औषध ठरते.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो वरवर तर्कशुद्ध वाटतो. हा मासा कॅनडाच्या गोठलेल्या तळ्यात बर्फाखाली सहा महिने जगतो, मग घरातल्या बाऊलमध्ये त्याचे एवढे लाड कशाला? गोल्डफिश बर्फाखाली जगतो हे खरे आहे आणि ते कसे, हेही आता कळले आहे. ओस्लो आणि लिव्हरपूल विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की प्राणवायू संपल्यावर हा मासा आणि त्याचा भाऊबंद क्रुशियन कार्प शरीरातल्या लॅक्टिक आम्लाचे अल्कोहोल करतात आणि ते कल्ल्यांतून बाहेर सोडतात. पण ही ताकद प्राणवायूच्या टंचाईवरची आहे, अमोनियावरची नाही. शिवाय बर्फाखालचे पाणी जेमतेम चार अंशांचे असते. माशाचे खाणे थांबलेले, शरीराचा सगळा व्यवहार मंदावलेला आणि भोवती लाखो लिटर पाणी. गरम केलेल्या घरात वीस-बावीस अंशांना तोच मासा भुकेला, चपळ आणि घाण करणारा असतो आणि पाणी असते पाच लिटर. त्यात जानेवारीत नळाला येणारे पाणी बर्फासारखे गार. ते तसेच टाकीत ओतले तर माशाला एकदम पंधरा अंशांचा धक्का बसतो. नळाचे गार-गरम पाणी मिसळून टाकीच्या पाण्याइतके तापमान करून घेणे, टाकी खिडकीच्या गार काचेपासून आणि जमिनीतल्या गरम हवेच्या झरोक्यापासून दूर ठेवणे, एवढे केले तर गोल्डफिशला हीटरची गरज सहसा पडत नाही. सोसण्याची ताकद आहे म्हणून सोसायला लावावे, हा न्याय आपण दुसऱ्या कोणत्याही पाळीव प्राण्याला लावत नाही.

दुसरी समजूत, टाकी असेल तेवढाच मासा वाढतो. यात अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच ती टिकून आहे. कोंडलेल्या, खराब पाण्यात माशाची वाढ खुंटते. पण ती कुपोषित मुलाची वाढ खुंटावी तशी. त्याला जुळवून घेणे म्हणायचे नसते. आणि जागा केवळ देहाला लागते असेही नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या २०२२च्या अभ्यासात गोल्डफिशना ७० सेंटिमीटर अंतर पोहून परत फिरायला शिकवले गेले आणि परत फिरण्याची खूण काढून घेतली तरी बहुतेकांनी ते अंतर बऱ्यापैकी अचूक राखले. म्हणजे या माशाला अंतर कळते, ते लक्षातही राहते. साध्या बाऊलचा व्यास त्याच्या निम्माही नसतो.

आपल्या समाजात आणखी एक गोष्ट आडवी येते. वास्तूत ईशान्येला किंवा उत्तरेला फिश टँक ठेवावा, सोनेरी मासे आठ आणि काळा एक असावा, असा सल्ला भारतात सर्रास दिला जातो आणि तो लोकांबरोबर परदेशीही गेला आहे. त्या श्रद्धेशी माझे भांडण नाही. पण तिच्यासोबत येणारी एक समजूत माशांच्या जिवावर उठली आहे: टाकीतला मासा मेला की घरावरचे संकट त्याने स्वतःवर घेतले. एकदा असे मानले की मेलेल्या माशाचे कारण शोधायचे राहत नाही. दुसरा आणून टाकीत सोडायचा. खरे तर तो मासा पाणी बिघडल्याची सूचना देऊन गेलेला असतो. आणि लहानशा बाऊलमध्ये नऊ मासे ही व्यवस्था कोणत्याही दिशेला ठेवली तरी त्यांना मारणारीच आहे.

काही मासे मात्र मरत नाहीत, वाढतात. मग घर बदलायचे असते, भाड्याच्या तळघरात टाकी नेता येत नाही, मुलांचा उत्साह ओसरलेला असतो. अशा वेळी जवळच्या तळ्यात मासा सोडणे हे लोकांना दयेचे काम वाटते. जीव वाचवला, मोकळा केला. ब्रॅम्प्टन, मिसिसागा यांसारख्या शहरांत पावसाच्या पाण्याची तळी तर वस्तीलाच लागून असतात. पण गोल्डफिश तळ उकरतो, पाणवनस्पती उपटतो, पाणी गढूळ करतो, इतर माशांची अंडी खातो. बाहेरून सोडलेला मासा काय करू शकतो याची सर्वांत कडू नोंद कॅनडाकडेच आहे. बॅन्फच्या केव्ह अँड बेसिन गरम झऱ्यांच्या पाणथळीत १९२४ मध्ये डासांच्या बंदोबस्तासाठी म्हणून सरकारनेच गॅम्बुशिया मासे सोडले, पुढे हौशी लोकांनी घरच्या टाकीतले उष्णकटिबंधीय मासे आणून सोडले. तिथेच, जगात फक्त त्या एका जागी राहणारा बॅन्फ लाँगनोज डेस हा मासा १९८७ मध्ये नामशेष ठरवला गेला. परवानगीशिवाय परका जलचर पाण्यात सोडायला कॅनडाच्या केंद्रीय नियमांनी २०१५ पासून मनाई आहे. तरी ही मनाई पाळली जात आहे की नाही हे कोण पाहणार? रात्री बादली घेऊन तळ्यावर जाणाऱ्या माणसाला कोणी अडवू शकत नाही. म्हणूनच नियम एक पाऊल आधी हवा.

‘आपण पापलेट-सुरमई आवडीने खातो, मग एका गोल्डफिशचे एवढे काय?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला टाळू नये. खाण्यासाठी पकडलेला मासा आणि घरात आपल्या हौसेसाठी कोंडलेला मासा यांच्याबाबत आपली जबाबदारी वेगळी असते. घरात कोंडलेल्या माशाचा प्रत्येक दिवस आपण ठरवतो. त्याला खायला कधी मिळेल, त्याचे पाणी कसे असेल, हे सगळे आपल्या हातात असते. क्वेबेकच्या नागरी संहितेत २०१५ पासून म्हटले आहे की प्राणी म्हणजे वस्तू नव्हेत. त्यांना संवेदना आहेत आणि जैविक गरजा आहेत. मासे खाणाऱ्या माणसालाही एवढे मान्य करायला अडचण नसावी.

खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. एका डॉलरच्या माशासाठी शे-दोनशे डॉलरची टाकी आणि फिल्टर म्हटल्यावर सामान्य घरातल्या मुलाची हौस मारली जाईल, असे म्हणतात. पण हा खर्च नियम निर्माण करत नाही. माशाच्या गरजेतच तो आहे. आज तो फक्त लपवलेला आहे. एका शोभिवंत गोल्डफिशला साधारण ७५ लिटर, पुढच्या प्रत्येकाला आणखी चाळीसेक लिटर आणि कॉमेटला त्याहून मोठी टाकी किंवा बागेतले तळे, असा अनुभवी पाळणाऱ्यांचा साधारण हिशोब आहे. वापरलेल्या टाक्या किजिजी या जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळावर कमी पैशांत मिळतात. आणि ज्यांना ते जमणार नाही त्यांना ते खरेदीआधी कळले, तर त्यांचे पैसेही वाचतील आणि एक जीवही.

इतर देशांत हे झाले आहे. इटलीतल्या मोंझा शहराने २००४ मध्ये गोल बाऊलमध्ये मासे ठेवायला बंदी केली, रोमने २००५ मध्ये तोच मार्ग धरला. ब्रिटनमध्ये २००६च्या कायद्याने १६ वर्षांखालील मुलांना प्राणी विकायला मनाई झाली. त्यात गोल्डफिशही आला. फ्रान्समध्ये ॲग्रोबायोथर्स या मोठ्या कंपनीने २०२१ मध्ये १५ लिटरपेक्षा लहान टाक्या विकणे स्वतःहून थांबवले. घराघरांत निरीक्षक पाठवावे लागतील ही भीती इथे लागू पडत नाही, कारण मी सुचवतो तो नियम दुकानापुरता आहे. आणि दुकानांना परवाने देणाऱ्या कॅनडाच्या शहरांकडे तो अधिकार आहे. पाळीव प्राण्यांच्या दुकानांत कुत्री-मांजरे कुठून आणून विकायची यावर टोरांटोच्या नगर परिषदेने २०११ मध्येच बंधन घातले.

म्हणून ब्रॅम्प्टन, मिसिसागा, एडमंटन, कॅल्गरी, जिथे कुठे आपण राहत असाल तिथल्या नगरसेवकाला पत्र लिहा आणि तीन गोष्टी मागा. गोल्डफिशच्या टाकीवर त्याची पूर्ण वाढलेली लांबी, आयुष्य आणि किमान किती लिटर पाणी लागेल हे ठळक लिहिले जावे. माशांसाठी म्हणून बाऊल विकणे बंद व्हावे. आणि विकलेला मासा परत घेण्याची जबाबदारी दुकानावर असावी. ते होईपर्यंत सांभाळणे अशक्य झालेला मासा तळ्यात किंवा शौचकुपात सोडू नका. जवळच्या मत्स्यप्रेमींच्या क्लबला किंवा दुकानाला विचारा, तो घेणारे कोणी ना कोणी असते.