तास कुणाचा वाचला?

रात्री साडेअकराला ओटा पुसून झाल्यावर मी एक रील बघितलं. कोट घातलेला माणूस सांगत होता, तुमच्या एका तासाची किंमत काढा. महिन्याची कमाई भागिले कामाचे तास. त्याहून स्वस्तात जे काम दुसरा कुणी करेल ते त्याच्यावर सोपवा, यंत्राला जमेल ते यंत्राला द्या, आणि तुम्ही फक्त धंदा वाढवा.

मी काढली. पुण्यात कर्वेनगरला माझं डब्यांचं काम आहे. रोज ९५ डबे जातात. किराणा, भाजी, गॅस, भाडं, पगार जाऊन महिन्याला ३८,००० हातात राहतात आणि त्यासाठी मी २८० तास राबते. म्हणजे तासाला साधारण १३५ रुपये. आमच्या पोळ्यांच्या मावशींना पोळीमागे २ रुपये मिळतात आणि त्यांचा हात तासाला ७० पोळ्यांचा आहे. म्हणजे १४० रुपये. सूत्र खरं मानलं तर मावशींनीच मला कामाला ठेवायला हवं. माझी तयारी आहे, फक्त माझ्या पोळ्या गोल होत नाहीत.

तेव्हा मी हसले, पण सूत्र डोक्यातून गेलं नाही. मी त्याच्या नादी लागले आणि त्यात एका माणसावर अन्याय केला. म्हणून हे लिहितेय.

आधी जे खरंच वाचलं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईचा यंत्रांवरच राग आहे. महिन्याच्या शेवटी खाड्यांचा हिशेब असायचा. कोण चार दिवस गावी गेलं, कुणी संध्याकाळचा डबा बंद केला, कुणाचा पाहुण्यासाठी एक जास्तीचा गेला. वहीतून हे शोधून बिलं काढायला माझ्या दोन रात्री जायच्या, आणि तरी चार जणांशी वाद व्हायचा. भाच्याने शीटवर सूत्रं घालून दिली. आता रोज रात्री पाच मिनिटं खाडे भरते, एक तारखेला बिलं आपोआप तयार. त्या दोन रात्री मी कुणाच्याही हिसकावून घेतल्या नाहीत. अशा कामाला यंत्र लावायला एक दिवसही थांबू नका.

कणीक मळायच्या यंत्राची गोष्ट मात्र जरा वेगळी. ते घेतलं तेव्हा ६० डबे होते. मावशींचे खांदे वाचतील म्हणून घेतलं, आणि वाचलेही, पण तीन महिनेच. मग मला वाटलं, आता कणीक पटकन होते तर डबे वाढवू. डबे ९५ झाले. मळण्यातून सुटलेले हात लाटण्यात गेले. मावशी पूर्वी दीडला घरी जायच्या, अजूनही दीडलाच जातात, फक्त मध्ये चहाला बसत नाहीत. पैसे जास्त मिळतात, ते त्यांना हवेही आहेत. पण वेळ वाचला, असं त्यांच्यासमोर म्हणायची माझी हिंमत नाही. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकी इतिहासकार बाईंनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ नावाचं पुस्तक लिहिलं. घरात यंत्रं आली, त्यांनी पुरुषांची, मुलांची, नोकरांची कामं कमी केली, पण घरच्या बाईचे तास काही त्या प्रमाणात उतरले नाहीत, कारण स्वच्छतेच्या आणि जेवणाच्या अपेक्षाच वाढत गेल्या, असं त्या दाखवतात. माझ्या स्वयंपाकघरात ते पुस्तक तीन महिन्यांत घडलं.

आता फोन. डब्याच्या धंद्यात स्वयंपाकापेक्षा फोन जास्त असतो. उद्या भात नको, परवा उपास, भाजीत मीठ जास्त, डबा वॉचमनकडे ठेवा. संध्याकाळी सात ते नऊ मी फक्त बोलत असायचे. रीलवाल्याच्या भाषेत हे ‘स्वस्त काम’. मी व्हॉट्सॲपवर आपोआप जाणारं उत्तर लावलं: सातनंतर काही बदल असेल तर या नंबरवर कळवा. नंबर कुणाचा? डबे पोचवणाऱ्या तीन मुलांपैकी सगळ्यांत जुन्या मुलाचा. त्याला म्हटलं, तू माझ्यासाठी घरचाच आहेस. (कामाच्या ठिकाणी कुणी असं म्हणालं की आपला पगार वाढणार नाही हे ओळखावं.)

माझ्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या. महिन्यात एक अख्खी वेबसीरिज बघून झाली.

एक आजोबा आहेत, मधुमेहाचे. बटाट्याची भाजी असली की त्यांना दुसरं काहीतरी लागतं. पूर्वी ते मला सांगायचे, मी वाटीभर उसळ बाजूला काढायचे. आता ते मुलाला सांगायला लागले. मुलगा मला विचारायचा, मी म्हणायचे, तूच बघ ना. एकदा त्याने बघितलं, दुसऱ्या डब्यांसाठीच्या उसळीतली वाटी त्यांना दिली. दोन डबे कमी पडले आणि मी त्याला सगळ्यांसमोर बोलले, कुणाला विचारून दिलीस?

दोन महिन्यांनी त्याने कामासाठी दिलेलं सिमकार्ड रिकाम्या डब्यात घालून परत आणलं. म्हणाला, “ताई, डबे पोचवतो. हे नाही.”

त्याचा पगार १२,००० होता, सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्यांचा. संध्याकाळचे दोन तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ५२ तास मी त्याच्याकडून फुकट घेतले होते. दोन तास त्याच्या घरातून उचलून माझ्या घरात आणून ठेवले, आणि त्याला वेळेचं नियोजन म्हटलं. शिवाय निर्णयाचा हक्क माझ्याकडे ठेवून बोलणी खायचं काम त्याच्याकडे दिलं. ‘काम सोपवणे’ यावर जे हजारो व्हिडिओ आहेत त्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण ते बघणारा प्रत्येक जण स्वतःला सोपवणाऱ्याच्या जागी धरतो. तुमच्यातले बरेच जण आज रात्री नऊला ऑफिसच्या ग्रुपवर ‘ओके सर’ लिहीत असतील. तो साहेबाने वाचवलेला वेळ आहे.

मग मालकाने मरेपर्यंत एकट्यानेच करायचं का? नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ‘लिज्जत’चे पापड सुरू केले. पीठ केंद्रावर मळायचं, बायकांनी घरी नेऊन लाटायचं, वाळवून परत आणायचं. काम सोपवण्याचं याहून मोठं उदाहरण आपल्याकडे शोधायला हवं. पण तिथे लाटणारी बाई संस्थेची भगिनी आहे, नफ्यात तिचा वाटा आहे. पीठ दिलं आणि मालकी ठेवली, असा तो मामला नाही.

माझी तेवढी तयारी झालेली नाही, हेही सांगून टाकते. मी एवढंच केलं की त्या मुलाला फोनचे वेगळे ४,८०० देऊ केले, आणि गिऱ्हाइकाशी काय ठरवायचं ते तोच ठरवेल, मी मागून बोलणार नाही, असं कबूल केलं. त्याने आठवडाभर विचार केला, मग सिम घेतलं.

आता पुन्हा सूत्र मांडा. ३८,००० मधून ४,८०० गेले, २८० मधून ५२ तास गेले. तासाला १४५ रुपये. त्या कोटवाल्याच्या हिशेबाने मी १० रुपयांनी वर गेले. घरी मात्र ४,८०० कमी आले, आणि घरमालक भाडं तासांच्या दराने घेत नाही. सुटलेला तास आपोआप विकला जातो, ही त्या सूत्रातली थाप आहे. माझे ५२ तास घ्यायला दारात कुणी उभं नव्हतं. ते मला परवडले तर परवडले, नाही तर नाही. तीन महिने झाले, कसेबसे परवडताहेत.

गेल्या महिन्याच्या खाड्यांत एक नाव वीस तारखेपासून सलग कोरं दिसलं. विचारलं तर मुलगा म्हणाला, तो माणूस रोज फोनवर आईवरून शिव्या द्यायचा, मी त्याचा डबा बंद केला. महिन्याला ३,००० रुपये वेळेवर देणारं गिऱ्हाईक. माझ्या तोंडाशी आलं होतं, कुणाला विचारून? मी शीट बंद केली आणि भाजी निवडायला बसले.