माणसांचा ‘सप्लाय’ करणाऱ्याला सभ्य नाव कशाला?

दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो, नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतो आणि कित्येकांची उचल हंगाम संपला तरी फिटत नाही. निलंग्याच्या टपरीवर या माणसाला सगळे मुकादमच म्हणतात. बातमीत मात्र तो ‘मजूर पुरवठादार’ होतो. सफाई कामगारांचा ठेकेदार तर थेट ‘सर्व्हिस प्रोव्हायडर’!

कुणी म्हणेल, शब्दांत काय ठेवलंय? बातमीदार बिचारा टेंडरमधला शब्द उचलतो. पण प्रश्न तिथेच आहे. टेंडर मालकाच्या सोयीनं लिहिलेलं असतं, बातमी कुणाच्या सोयीनं लिहायची?

पुरवठा सिमेंटचा होतो, खताचा होतो. माणसाचा ‘पुरवठा’ म्हटलं की माणूस माल ठरतो. मालाला नाव नसतं, किमान वेतन नसतं, पीएफ नसतो. श्रम ही विकाऊ वस्तू नाही, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९४४ साली फिलाडेल्फियाच्या जाहीरनाम्यात मान्य केलं. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री बाबासाहेब होते. पुढे संविधानाच्या कलम २३ नं वेठबिगारीला बंदी घातली. उचलीच्या कर्जात माणूस बांधून ठेवणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे. ‘पुरवठादार’ लिहिलं की हा गुन्हा साधा धंदा वाटू लागतो. उलट मजूर मध्येच गावी परतला, तर ‘मुकादमाची फसवणूक’ अशी बातमी येते!

दुसरी गोष्ट, या शब्दाआड खरा मालक लपतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मूळ मालकानं द्यायची, अशी तरतूद होती. पण बातमी पुरवठादारापाशीच संपली, तर कारखान्याला किंवा नगरपालिकेला जाब कोण विचारणार?

तिसरी गोष्ट आपल्या पोरांच्या नोकरीची. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं ९ खासगी एजन्सींमार्फत ‘मनुष्यबळ पुरवठ्या’चा जीआर काढला. तरुण रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. पद सरकारचं, पण माणूस एजन्सीचा. मग कलम १६(४) चं आरक्षण लागू कुठे करायचं? ‘पुरवठा’ या एका शब्दात भरतीच गायब होते.

मूकनायक १९२० साली निघाला, कारण आपलं दुःख दुसऱ्यांच्या भाषेत मांडलं जात नव्हतं. आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. म्हणून प्रेसनोट लिहिताना, पोस्ट टाकताना ‘मुकादम’ लिहा, ‘ठेकेदार’ लिहा. त्याच्या पुढे मूळ मालकाचं नाव लिहा. किती कामगार, किती मजुरी, किती महिने थकली, तेही लिहा. बातमीदाराला फोन करून शब्द बदलायला सांगा.

माणूस कामाला लावला जातो, पुरवला जात नाही.

जय भीम!