पळणारा की थांबणारा? क्वार्टरबॅकच्या एका जुन्या वादाचा इतिहास

१/१४
अमेरिकन फुटबॉलमध्ये एक वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. क्वार्टरबॅक कसा असावा? सहकाऱ्यांच्या कड्यात पाय रोवून चेंडू फेकणारा, की प्रसंगी कडे सोडून स्वतः धाव घेणारा? पहिल्याला ‘पॉकेट पासर’ म्हणतात, दुसऱ्याला ‘मोबाइल क्वार्टरबॅक’. वरकरणी हा निव्वळ डावपेचांचा प्रश्न वाटतो. त्याचा इतिहास उलगडला की मात्र ध्यानात येते, की ही विभागणी मैदानावर जितकी घडली तितकीच अमेरिकी समाजातील वर्णभेदानेही घडवली. #धागा

२/१४
आधी खेळाची रीत. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू. चार प्रयत्नांत चेंडू किमान १० यार्ड पुढे न्यायचा, नाहीतर तो प्रतिस्पर्ध्यांकडे जातो. मधला खेळाडू पायांमधून चेंडू मागे देतो आणि तो क्वार्टरबॅकच्या हाती येतो. पुढचा निर्णय त्याचा: सहकाऱ्याच्या हाती सोपवायचा, फेकायचा, की घेऊन पळायचे. त्याच्यापुढे पाच धिप्पाड लाइनमन अर्धवर्तुळाकार तटबंदी उभारतात. तिच्या आतली जागा म्हणजे पॉकेट. ही तटबंदी फार तर तीन-चार सेकंद टिकते.

३/१४
पॉकेट ही या खेळातली सनातन परंपरा नव्हे. १९०५ साली मैदानावरील मृत्यू आणि दुखापतींनी देश हादरला, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लक्ष घालावे लागले आणि १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास प्रथमच मान्यता मिळाली. त्यानंतरही कित्येक वर्षे ‘सिंगल विंग’ या रचनेचा दबदबा होता. तीत टेलबॅक नावाचा खेळाडू धावे, फेके आणि लाथेने चेंडू उडवीही. क्वार्टरबॅकचे मुख्य काम प्रतिस्पर्ध्यांना अडवण्याचे. म्हणजे आज ज्याला ‘नव्या पद्धतीचा’ खेळाडू म्हणतात, त्याचा पूर्वज थांबणाऱ्या क्वार्टरबॅकहून जुना आहे.

४/१४
वळण आले ८ डिसेंबर १९४० रोजी. शिकागो बेअर्स संघाने अजिंक्यपदाच्या सामन्यात वॉशिंग्टनचा ७३-० असा धुव्वा उडवला. त्यांची रचना होती ‘टी फॉर्मेशन’ आणि तिच्या केंद्रस्थानी होता क्वार्टरबॅक सिड लकमन. यानंतर एकेका संघाने सिंगल विंगला निरोप दिला. पुढे क्लीव्हलँड ब्राउन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी क्वार्टरबॅकभोवतीच्या संरक्षणाला शिस्तबद्ध रूप दिले. थांबून फेकणारा सेनापती ही प्रतिमा याच काळात घडली आणि लवकरच ती एका पद्धतीपुरती न राहता आदर्श होऊन बसली.

५/१४
या आदर्शाला पहिला मोठा धक्का फ्रॅन टार्केन्टन यांनी दिला. १९६१ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जकडून आलेला हा खेळाडू पॉकेट मोडताच मागे-पुढे, आडवा-तिडवा धावत सुटे. ही पळापळ त्यांचे स्वतःचे प्रशिक्षक नॉर्म व्हॅन ब्रॉकलिन यांनाच रुचत नसे. १९७८ च्या हंगामाअखेर टार्केन्टन निवृत्त झाले, तेव्हा ४७,००३ यार्ड आणि ३४२ टचडाउन फेका हे दोन्ही कारकिर्दीचे विक्रम त्यांच्या नावावर होते. क्वार्टरबॅकने पळून मिळवलेल्या यार्डांचा विक्रमही त्यांचाच. पळणारा माणूस फेकूही शकतो, याचा पुरावा तेव्हाच उपलब्ध होता.

६/१४
मग तो पुरावा सर्वांना का लागू झाला नाही? टार्केन्टन श्वेतवर्णीय होते. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम नव्हता, पण दार बंद होते. ते उघडल्यावरही जागांची वाटणी राहिलीच. १९७० साली जॉन लॉय आणि जोसेफ मॅकएल्वोग या अभ्यासकांनी दाखवून दिले, की संघाच्या मध्यवर्ती, निर्णयाच्या जागांवर श्वेतवर्णीय खेळाडू प्रमाणाबाहेर आढळतात. क्वार्टरबॅक ही तर सर्वांत मध्यवर्ती जागा. समज असा, की या जागेला बुद्धी आणि नेतृत्व लागते. वेग लागतो तो इतर जागांना.

७/१४
या समजाची किंमत मोजणाऱ्यांत मार्लिन ब्रिस्को यांचे नाव अग्रभागी आहे. १९६८ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजने त्यांना बचावातील जागेसाठी निवडले. क्वार्टरबॅक म्हणून चाचणी घ्यावी, असा आग्रह त्यांनी स्वतः धरला. त्याच हंगामात संधी मिळाली, त्यांनी १४ टचडाउन फेका केल्या आणि पुढच्या वर्षी क्वार्टरबॅकच्या योजनेत त्यांचे नावच नव्हते. ते संघ सोडून बफेलोला गेले आणि तिथे रिसीव्हर झाले. त्याच १९६८ मध्ये ओकलंड रेडर्सने पहिल्या फेरीत निवडलेला क्वार्टरबॅक एल्ड्रिज डिकी यालाही रिसीव्हरच करण्यात आले.

८/१४
यातली विसंगती वॉरन मून यांच्या उदाहरणात उघडी पडते. मून पॉकेटमध्ये उभे राहून लांब, नेमकी फेक करणारे. म्हणजे प्रचलित आदर्शाला तंतोतंत उतरणारे. जानेवारी १९७८ मध्ये रोझ बोलचे सर्वोत्तम खेळाडू ठरूनही त्या वर्षीच्या निवडीत एकाही एनएफएल संघाने त्यांना घेतले नाही. जागा बदलण्यास नकार देऊन ते कॅनडात गेले आणि एडमंटन संघाबरोबर १९७८ ते १९८२ असे सलग पाच ग्रे कप जिंकले. १९८४ मध्ये ह्यूस्टनने त्यांना बोलावले. २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरले. कसोटी खरोखर शैलीची असती, तर त्यांना देश सोडावा लागला नसता.

९/१४
३१ जानेवारी १९८८. सुपर बोलमध्ये वॉशिंग्टनचे डग विल्यम्स विरुद्ध डेन्व्हरचे जॉन एल्वे. विल्यम्स कृष्णवर्णीय आणि पॉकेटमधून फेकणारे. एल्वे श्वेतवर्णीय आणि पायांनी चपळ. रूढ साचा इथे अक्षरशः उलटा झाला होता. विल्यम्स यांनी दुसऱ्या सत्रात एकट्याने चार टचडाउन फेका केल्या, वॉशिंग्टनने ४२-१० असा विजय मिळवला आणि सामन्याचे सर्वोत्तम खेळाडूही तेच ठरले. सुपर बोलमध्ये सुरुवातीपासून खेळलेले ते पहिले कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक होते.

१०/१४
तरीही विशेषणांची विभागणी लगेच मिटली नाही. रँडल कनिंगहॅम यांनी १९९० मध्ये ३० टचडाउन फेका केल्या आणि ९४२ यार्ड पळून मिळवले. चर्चा मात्र अधिकतर पायांची. स्टीव्ह यंगही पळत. कारकिर्दीत त्यांनी चार हजारांहून अधिक यार्ड पळून काढले. पण फेकीच्या गुणांकनात ते सहा हंगाम अव्वल राहिले आणि अखेर अभिजात पासर म्हणून मान्य झाले. हा मान रास्तच होता. प्रश्न इतकाच, की तसे परिपक्व होण्यासाठी मिळणारा अवधी सर्वांना सारखा मिळत होता का?

११/१४
प्रतिपक्षाचे म्हणणेही निराधार नाही. पळणाऱ्याला अधिक धक्के बसतात. २०१२ च्या हंगामात रॉबर्ट ग्रिफिन यांनी नवोदित असूनही ८१५ यार्ड पळून मिळवले आणि त्याच हंगामाच्या बाद फेरीत त्यांचा गुडघा निकामी झाला. पुन्हा ती झळाळी आली नाही. दुसरीकडे टॉम ब्रेडी यांनी पॉकेटमधूनच सात सुपर बोल जिंकले. पण ब्रेडी यांचा खेळ बारकाईने पाहावा. ते धावत नसत. तथापि तटबंदीच्या आत अर्ध्या पावलाने सरकून ते हल्ला चुकवीत. पायांवाचून पॉकेटही टिकत नाही.

१२/१४
‘अजिंक्यपदे थांबणारेच जिंकतात’ या दाव्यात आणखी एक खोट आहे. ज्यांना मैदानावर येऊच दिले नाही, त्यांच्या पराभवांची वा विजयांची नोंद होणार कशी? शिवाय गणित पळणाऱ्याच्या बाजूने बोलते. क्वार्टरबॅक चेंडू दुसऱ्याकडे सोपवून बाजूला राहिला, की आक्रमणाचे १० खेळाडू बचावाच्या ११ जणांशी झुंजतात. तो स्वतः पळू शकत असेल, तर बचावाला त्याच्यासाठी एक माणूस राखून ठेवावा लागतो आणि बरोबरी होते. त्याचे पाय अशा वेळी फेकीसाठीच वाट मोकळी करतात.

१३/१४
२०१८ च्या निवडीत लमार जॅक्सन यांनी रिसीव्हर व्हावे, असा सल्ला जाहीरपणे दिला गेला. अर्धशतकापूर्वी ब्रिस्को यांच्या वाट्याला आलेलीच ही जागा. जॅक्सन यांनी सल्ला नाकारला. पहिल्या फेरीत ३२ वे, म्हणजे अखेरचे नाव त्यांचे होते. २०१९ मध्ये त्यांनी लीगमधील सर्वाधिक ३६ टचडाउन फेका केल्या, १,२०६ यार्ड पळून मिळवले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान एकमताने पटकावला. आकड्यांच्या एकाच रकान्यात त्यांना बसवणे मग कोणालाच जमले नाही.

१४/१४
इतिहासाच्या अभ्यासकाने यातून घ्यावे ते एवढेच: दोन पर्याय समोर ठेवले गेले, की उत्तर शोधण्याआधी ते पर्याय कोणी आखले आणि त्या आखणीत कोण बाहेर राहिले, हे विचारावे. १२ फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये प्रथमच दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते. फिलाडेल्फियाच्या जेलन हर्ट्स यांनी ३०४ यार्ड फेकले आणि पळून तीन टचडाउन केले. कॅन्सस सिटीचे पॅट्रिक माहोम्स यांनी तीन टचडाउन फेका केल्या आणि शेवटच्या टप्प्यात दुखऱ्या घोट्यानिशी २६ यार्ड धावून ३८-३५ हा विजय आवाक्यात आणला. यांतला पळणारा कोणता आणि थांबणारा कोणता, हे सांगणे अवघड होते. मार्लिन ब्रिस्को यांना हा सामना पाहता आला नाही. जून २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले होते. १९६८ नंतर कोणत्याही संघाने त्यांना क्वार्टरबॅक म्हणून पुन्हा कधीच सामन्याची सुरुवात करू दिली नव्हती.