पूल लक्षात राहिला, शाळा नाही

माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. स्वमग्न आहे, बोलत नाही. आंघोळ, जेवण, शौच, सगळं मलाच बघावं लागतं. त्यामुळे अशा मुलांच्या आयांवरची फिल्म कुणी दाखवली, की मी आधी त्या बाईचे केस बघते. हसू नका! ‘ऑटिझम एव्हरी डे’ ही २००६ ची अमेरिकन डॉक्युमेंटरी. ती करणाऱ्या लॉरेन थिएरी स्वतः स्वमग्न मुलाच्या आई. तरी त्यांनी इतर आयांना सांगून ठेवलं होतं, की घर आवरू नका, केस विंचरू नका, मदतनीसही बोलावू नका. म्हणजे जी काही थोडी मदत होती, तीही चित्रातून गायब!

त्यात अॅलिसन सिंगर सांगतात, की मुलीला गाडीत घालून जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून गाडी खाली घालावी, असं एकदा मनात आलं होतं. दुसऱ्या मुलीकडे बघून त्या थांबल्या. हे बोलताना ती स्वमग्न मुलगी त्याच खोलीत आहे. तिकडच्या स्वमग्न माणसांनी यावर सडकून टीका केली. बरोबरच केली.

पण त्या बाईला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. ‘आम्ही दोघं एकदमच गेलो तर सुटू गं,’ असं मी एकदा बहिणीला फोनवर म्हटलंय. लेक शेजारीच बाटल्यांची झाकणं रांगेत लावत बसला होता. त्या रात्री तो जेवला नाही. कळलं म्हणून, की पोट बिघडलं होतं म्हणून, मला आजवर समजलेलं नाही.

आणखी एक. सिंगरबाईंच्या मनात तो विचार आला तो मुलीसाठी शाळा बघताना. अशा शाळेत घालण्यापेक्षा ते बरं, असं त्यांना वाटलं. फिल्म मात्र शाळेत जाऊन बघत नाही. लोकांच्या लक्षात पूल राहिला. शाळा अशी का, हे कुणी विचारायचं?

त्याआधी तर आईच गुन्हेगार होती. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात आईच्या थंडपणाला दोष दिला. तो डाग बाळगून म्हाताऱ्या झालेल्या बाया २००२ च्या ‘रेफ्रिजरेटर मदर्स’मध्ये बोलल्या. ती फिल्म मला आवडते. तिथे आयांची कीव करत कुणी बसत नाही.

आमच्या गावातल्या केबलवाल्यालाही मध्ये ‘स्टोरी’ हवी होती. ‘ताई, तो डोकं आपटतो ते मिळेल का शूटिंगला?’ मी म्हटलं, चार वाजता ये, तेव्हा तो मटार सोलतो. एक दाणा खाली सांडत नाही.

चारला मी केस विंचरून, बरी साडी नेसून बसले होते. तो काही आला नाही. मटार मात्र सोलून झाले.