बारा स्पीकर कशाला?

सध्या आमच्या घराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय गाजतोय. भाच्याने भाईंदरला फ्लॅट घेतला आणि आता हॉलमध्ये 'सराउंड' बसवायचं घाटतंय. भोवती सात, छताला चार आणि धमधम करणारा एक डबा, एकूण बारा! सिनेमासाठी म्हणाला असता तर मी चकार शब्द काढला नसता. पण तो म्हणतो, "मामा, गाणी ऐकायला!" झालं, आमच्यातला मास्तर जागा झाला. मोबाइलवर एवढं टंकणं जमत नाही, म्हणून इथे लिहितोय.

पहिला मुद्दा अगदी साधा. जे गाणं ऐकायचं, ते मुळात ध्वनिमुद्रित कसं झालं? ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला १९३१ साली, पण स्टिरिओ तबकड्या बाजारात रुळायला १९५८ उजाडलं. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण १९५५-५६ साली गेलं. छप्पन्न गाणी, सगळी मोनो! अब्दुल करीम खाँसाहेब तर १९३७ मध्येच गेले. मग बारा स्पीकरांना पुरवायला आवाज आणायचा कुठून? यंत्र तो अंदाजाने बनवतं. थोडा मागे ढकलतं, थोडा वर, थोडा घुमवतं. एका कपाचा चहा बारा कपांत करायचा तर पाणीच वाढवावं लागतं, दुसरं काय?

डॉल्बी ॲटमॉस थिएटरात आलं २०१२ साली आणि ॲपलने गाण्यांसाठी दिलं २०२१ मध्ये. आज जी गाणी मुद्दाम तशी बनवतात, ती खुशाल तशी ऐकावीत. जुन्यांचं काय? बीटल्सच्या १९६६ सालच्या 'रिव्हॉल्वर'मधली वाद्यं संगणकाने सुटी करून २०२२ मध्ये नव्याने मिसळली. तिथे निदान मॅकार्टनी आणि रिंगो हयात आहेत. आमचे गदिमा १९७७ साली गेले, बाबूजी २००२ साली. भाच्याच्या हॉलमधलं यंत्र कुणाला विचारणार?

दुसरा मुद्दा बैठकीचा. मैफलीत गवई समोर असतो. बाजूला तबला, पेटी, मागे तानपुरे. आपण समोर बसतो, मधे अंतर असतं. ते अंतर म्हणजे अदब आहे हो! तानपुरा माझ्या पाठीशी आणि तबला डोक्यावर, ही कुठली मैफल?

यावर कोणी म्हणेल, "मास्तर, तुम्ही उत्तनचे. कोळ्यांच्या लग्नात बँडच्या मधोमध नाचता, चर्चमध्ये सगळे मिळून गातात, वारीत टाळ चहूकडून वाजतात. तिथे आवाज भोवतीच असतो ना?" असतो की! पण तिथे आपणही गात असतो, नाचत असतो. आपण त्या आवाजाचाच एक भाग असतो. सोफ्यावर पाय पसरून वारी घडत नाही.

तिसरा मुद्दा खोलीचा आणि खिशाचा. हॉल दहा बाय बाराचा, सोफा भिंतीला टेकलेला. मागचे स्पीकर थेट कानाला लागणार. आणि बजेट तेवढंच असेल तर त्याचे बारा वाटे करून बारा सुमार डबे येतील. त्याच पैशांत दोन चांगले येतात. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण जमला, की गायकाचा आवाज बरोबर मधून येतो, जिथे स्पीकरच नाही! स्टिरिओचीही नेमकी जागा एकच असते, हे मला मान्य आहे. पण बारांचा मेळ जमवण्यापेक्षा दोनांचा जमवणं सोपं.

आणि शेवटचं, म्हाताऱ्यांच्या वतीने. या वयात आधी शब्दांची व्यंजनं हरवतात, धमधम मात्र शेवटपर्यंत ऐकू येते. रविवारी आम्ही भाच्याकडे जाणार ते ऐकायला, नुसते घुमायला नव्हे. गाण्यातले शब्द आमच्यापर्यंत पोचले नाहीत, तर त्या हॉलमध्ये आम्ही फक्त चहाचे पाहुणे.

तेव्हा बाळा, दुकानात जाताना आपलं जुनं आवडतं गाणं बरोबर ने. दोन्हीकडे तेच लाव आणि डोळे मिट. गवई कुठे बसलाय ते बोट करून दाखव. जिथे दाखवता येईल, ते घे.